वचन, वहिवाट आणि दस्त : बीड जिल्ह्यातील शेतजमिनीच्या कौटुंबिक अभिवचनांचा न्यायविचार

“माझ्यामागे हे सारे तुझेच” हे वाक्य मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांत कोणत्याही दस्तापेक्षा अधिक वेळा उच्चारले जाते. ते बांधावर किंवा आखाड्यावर, चार सोयऱ्यांच्या देखत बोलले जाते. ऐकणारा त्यावर विसंबून आपल्या आयुष्याची दहा-वीस वर्षे त्या जमिनीत घालतो. पुढे बोलणाऱ्याचे मन पालटले, किंवा कागद न करताच तो निवर्तला, म्हणजे त्या वाक्याची किंमत काय, हा प्रश्न दिवाणी न्यायालयापुढे उभा राहतो. लोकव्यवहाराच्या दृष्टीने ज्याचे उत्तर उघड वाटते, त्याच प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर मात्र पुष्कळ वेळा निराळे असते. त्या दोहोंतील अंतर कोठे व का पडते, हे बीड जिल्ह्याच्या परिस्थितीच्या अनुषंगाने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्थावर मालमत्तेसंबंधीच्या वचनाला भारतीय कायदा केवळ वचन म्हणून मालकीहक्काचा उगम मानीत नाही. ते वचन त्याच्यापुढे दस्त, कब्जा किंवा वाटणी यांपैकी कोणत्या तरी रूपात यावे लागते. म्हणून अशा प्रत्येक दाव्यात वादीला आपली हकीकत कायद्याच्या भाषेत रूपांतरित करावी लागते. या रूपांतरात काही गोष्टी टिकतात व काही गळून पडतात. गळून पडणाऱ्या गोष्टींत सर्वांत महत्त्वाची म्हणजे श्रम.

१. प्रश्नाचे स्वरूप

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठचा गेवराई-माजलगावकडील भाग काळ्या जमिनीचा आहे. दक्षिणेकडे व पश्चिमेकडे बालाघाटाच्या पठारावर आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील जमीन बव्हंशी हलकी व पावसावर अवलंबून असलेली आहे. या जिरायत पट्ट्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी मिळणारी रक्कम म्हणजे ‘उचल’. ही उचल हंगामभर राबून फेडावयाची असते.

या अर्थव्यवस्थेत घराच्या जमिनीचा व श्रमाचा संबंध विशिष्ट प्रकारे गुंततो. पुढील उदाहरण कल्पित आहे, परंतु ज्या प्रकारचे वाद उद्भवतात त्यांचे ते प्रातिनिधिक रूप मानता येईल. पठारावरील एका गावी एका शेतकऱ्याची आठ एकर जमीन आहे. थोरला मुलगा व सून दरवर्षी कोयत्यावर जातात व उरलेले महिने तीच जमीन कसतात. धाकटा शिकून पुण्यास नोकरीस लागला आहे. मुलगी लग्न होऊन सासरी गेली आहे. थोरल्याने दोन हंगामांची उचल घालून शेतात विहीर पाडली. विहिरीला पाणी लागले त्या दिवशी वडील सोयऱ्यांदेखत म्हणाले, “विहिरीखालचे चार एकर तुझे.” त्यानंतर वीस वर्षे थोरला त्या चार एकरांत राबला. सालगड्यालाही वर्षाचा ठराव असतो. याला तोही नव्हता. वडील कागद न करता वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली आणि धाकट्या भावाने व बहिणीने वाटणीचा दावा दाखल केला. आई हयात आहे. अशा स्थितीत थोरल्याच्या हाती काय आहे?

२. कागद आणि शेत यांतील जुने अंतर

हे उदाहरण कागदाच्या अभावाचे आहे. परंतु बीडच्या बाबतीत हा अभाव निव्वळ अज्ञानाचा किंवा आळसाचा परिणाम नव्हे. त्याला इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. संस्थानी महसूल-व्यवस्था १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्यावर आधारलेली होती. तिच्यात सरकारदरबारी सारा भरण्यास जबाबदार असलेला तो ‘पट्टेदार’, आणि त्याच जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे परंतु पट्टा ज्याच्या नावे नाही तो ‘शिकमीदार’. पट्टा घरातील वडीलधाऱ्याच्या एकट्याच्या नावे आणि कसणारे चौघे, ही स्थिती त्या कायद्यालाही अपरिचित नव्हती. हक्कनोंदणीची व्यवस्था मात्र संस्थानात १३५८ फसलीच्या, म्हणजे सुमारे १९४८–४९ च्या, विनियमाने आली. जुन्या दप्तराची भाषा उर्दू, खाजगी कागद पुष्कळदा मोडीत आणि कालगणना फसली. यामुळे तीन पिढ्यांपूर्वीची वाटणी शाबीत करणे आजही कठीण जाते.

पुढील दोन कायद्यांनी हे अंतर वाढविले. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने संरक्षित कुळांना मालकीचा मार्ग खुला केला. १९६१ च्या महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा अधिनियमाने धारणेवर मर्यादा घातली व १९७५ च्या दुरुस्तीने ती आणखी खाली आणली. जमीन वाचविण्यासाठी ज्या कुटुंबांनी कागदोपत्री वाटण्या केल्या, त्यांच्या घरात प्रत्यक्ष वहिवाट एकत्रच राहिली. उलट अनेक घरांत वहिवाट खरोखर विभागली गेली, परंतु कागद एकत्रच राहिला. सारांश, सातबारा एक सांगतो व नांगर दुसरेच सांगतो, ही परिस्थिती दोन्ही बाजूंनी निर्माण झाली. तोंडी वचनाला जो वाव मिळतो, तो याच पोकळीत.

३. देणाऱ्याचे होते किती?

वचनाचा विचार करण्यापूर्वी वचन देणाऱ्याचा अधिकार पाहिला पाहिजे. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर तिची विल्हेवाट ते हवी तशी लावू शकतात. ती एकत्र हिंदू कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर ते केवळ कर्ते असतात. कर्त्याला सहदायकीच्या मालमत्तेचे दान करण्याचा अधिकार अत्यंत मर्यादित आहे. धार्मिक कार्यासाठी अल्प भाग किंवा मुलीस परिस्थितीनुरूप वाजवी हिस्सा देता येतो. १९६४ च्या गुरम्मा विरुद्ध मल्लप्पा या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे विशद केले आहे. केवळ प्रेमापोटी एका मुलास अशा जमिनीचे बक्षीसपत्र करून देता येत नाही. ‘वडिलोपार्जित’ या शब्दाचाही लोकव्यवहारातील अर्थ व कायद्यातील अर्थ एक नाही. १७ जून १९५६ पासून अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे वडिलांकडून जे वारसाहक्काने येते ते घेणाऱ्याची स्वतंत्र मालमत्ता होते, असा निर्णय १९८६ साली चंदर सेन प्रकरणात झाला.

आता वरील उदाहरणातील हिशेब मांडून पाहू. जमीन वडिलोपार्जित धरली, तर मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानावयाचे. त्या कल्पित वाटणीत वडील, आई, दोन मुलगे व मुलगी यांना प्रत्येकी एक पंचमांश मिळतो. आईला हा वाटा धरावयाचा व त्यावर वारसाहक्काचा भाग मिळवावयाचा, हे १९७८ च्या गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या निर्णयाने निश्चित केले. वडिलांच्या पंचमांशाचे पुन्हा चार भाग होतात. अखेरीस चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश, म्हणजे दोन एकर. जमीन स्वकष्टार्जित असली तरी चार वारसांत तिचे दोन-दोन एकरच होतात. म्हणजे कागदाविना मृत्यू झाला तर थोरल्याच्या चार एकरांचे दोन्ही बाबतीत दोनच उरतात. फरक आहे तो वडिलांच्या अधिकारात. स्वकष्टार्जित आठही एकर ते मृत्युपत्राने थोरल्यास देऊ शकले असते. वडिलोपार्जित जमिनीतून मात्र केवळ आपला पंचमांश, म्हणजे एक एकर चोवीस गुंठे. “विहिरीखालचे चार एकर तुझे” हे वाक्य या दुसऱ्या स्थितीत अंशतः इतरांच्या मालकीचे दान होते. विशेषतः ते बहिणीच्या हिश्श्याचे दान होते, आणि ती त्या वेळी तेथे उभीही नव्हती.

४. वचनाची कायदेशीर रूपे

थोरल्याच्या वकिलापुढे जे मार्ग दिसतात ते क्रमाने पाहणे उपयुक्त होईल.

पहिला मार्ग दानाचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावराचे दान नोंदणीकृत व दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेल्या दस्तानेच होते. तोंडी दान हे हिंदूंच्या बाबतीत दानच नव्हे. मुसलमान शेतकऱ्यांच्या बाबतीत कलम १२९ मुळे स्थिती वेगळी आहे. घोषणा, स्वीकार व कब्जा देणे हे तीन घटक पुरे झाले तर तोंडी हिबा वैध ठरतो. २०११ च्या हफीझा बीबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितले. परंतु तेथेही ‘दिले’ व ‘देईन’ यांत भेद आहे. भविष्यकाळी देण्याचे वचन म्हणजे हिबा नव्हे.

दुसरा मार्ग कराराचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ प्रमाणे मोबदल्याविना केलेला करार सामान्यतः निरर्थक असतो. जवळच्या नात्यातील स्वाभाविक प्रेमापोटी केलेला करार लेखी व नोंदणीकृत असेल तर तो अपवाद. थोरला म्हणेल की त्याचे श्रम व विहिरीचा खर्च हाच मोबदला होता. तत्त्वतः हे म्हणणे अग्राह्य नाही. कारण वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून पूर्वी केलेले कृत्यही या अधिनियमात मोबदला ठरते आणि जमिनीच्या विक्रीचा करार तोंडीही होऊ शकतो. तथापि तो शाबीत करण्याचा भार फार जड आहे. १९९० च्या ब्रिजमोहन विरुद्ध सुग्राबेगम या निर्णयात, तोंडी करार सांगणाऱ्याने उभय पक्षांचे सर्व मुद्द्यांवर मतैक्य झाले होते हे दाखवावे, असे म्हटले आहे. ‘विहिरीखालचे’ म्हणजे नेमके कोणत्या गटातील, किती, केव्हा, कशाच्या बदल्यात, हे त्या दिवशी कोणीच बोलले नव्हते. शिवाय मुलगा बापाच्या शेतात राबतो तो मोबदल्यासाठी की मुलगा म्हणून, या प्रश्नावर प्रतिपक्ष बोट ठेवतोच. करारपूर्तीच्या दाव्याची मुदत मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ प्रमाणे तीन वर्षांची आहे. दिवस ठरलेला नसेल तर नकार कळल्यापासून ती मोजली जाते.

तिसरा मार्ग अंशतः पालनाचा. कलम ५३-अ प्रमाणे लेखी कराराखाली कब्जा घेऊन आपली बाजू पाळणाऱ्याला कब्जा राखता येतो. करारपूर्तीच्या दाव्याची मुदत संपली असली तरी हा बचाव टिकतो, असा निर्णय २००२ साली सूर्यवंशी प्रकरणात झाला. परंतु या कलमाचा पायाच लेखी करार हा आहे. आणि २४ सप्टेंबर २००१ पासून असा करार नोंदविलेला असणेही आवश्यक झाले. मुद्रांकावर लिहून ठेवलेली ताबेपावती घरातल्या पेटीत कितीही जपली तरी त्या तारखेनंतरच्या व्यवहारात ती या कलमाची ढाल होऊ शकत नाही.

५. विबंधाचे तत्त्व : येथील व इंग्लंडातील

ज्याच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपली परिस्थिती बदलली, त्याला तो शब्द फिरविता येऊ नये, हे तत्त्व विबंध या नावाने ओळखले जाते. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम ११५ व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १२१ ही या तत्त्वाची वैधानिक रूपे होत. परंतु त्यांचा रोख वस्तुस्थितीच्या निवेदनावर आहे, भविष्यकाळच्या आश्वासनावर नाही. आश्वासनावर आधारलेला विबंध भारतीय न्यायालयांनी मुख्यतः शासनाच्या आश्वासनांबाबत विकसित केला. १९७९ चा मोतीलाल पदमपत शुगर मिल्सचा निर्णय त्यातील प्रमुख होय.

इंग्लंडमध्ये या तत्त्वाने कौटुंबिक शेतीच्या क्षेत्रात स्वतंत्र रूप घेतले आहे. २००९ च्या थॉर्नर विरुद्ध मेजर या प्रकरणात सॉमरसेट परगण्यातील एका शेतकऱ्याच्या शेतावर त्याच्या नात्यातील एकाने सुमारे तीस वर्षे वेतनाविना काम केले. मालक मितभाषी होता. वचन आडवळणाने दिलेले होते. मृत्युपत्र उरले नव्हते. तरीही त्या दोघांच्या परिस्थितीत ते वचन पुरेसे स्पष्ट होते असे ठरून शेत काम करणाऱ्यास मिळाले. २०२२ च्या गेस्ट विरुद्ध गेस्ट या निर्णयात मुलाने तीस वर्षांहून अधिक काळ कमी वेतनावर आईबापांच्या शेतावर काम केले होते व भांडणानंतर त्याला वगळण्यात आले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने वचन मोडण्यातील अन्याय दूर करणे हे ध्येय मानले. परंतु आईबाप हयात असल्याने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले : एक, त्यांच्या हयातीनंतर मुलास हिस्सा मिळेल अशी व्यवस्था, दुसरा, मुदतीपूर्वी मिळत असल्यामुळे कमी केलेली रक्कम आताच देणे.

आपल्याकडे या विचाराचे बीज नाही असे नव्हे. १८६५ च्या सरकारी ठरावावर विसंबून मुंबईच्या नगरपालिकेने बाजार बांधला. विधिपूर्वक दानपत्र झालेच नव्हते. कलेक्टर ऑफ बॉम्बे विरुद्ध म्युनिसिपल कॉर्पोरेशन या १९५१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने नगरपालिकेचा भाडेमाफ जमीन धारण करण्याचा हक्क मान्य केला. परंतु तो दीर्घकालीन प्रतिकूल कब्जाच्या आधारे. वचनाच्या बळावर नव्हे. वचन मोलाचे असेल, तरी निकाल कब्जावर उभा राहतो; भारतीय न्यायविचाराची ही प्रवृत्ती येथे स्पष्ट दिसते.

६. कब्जा, फेरफार आणि कौटुंबिक व्यवस्था

मग थोरल्याचा वीस वर्षांचा कब्जा त्याला तारील काय? सामान्यतः नाही. एका सहहिस्सेदाराचा कब्जा सर्वांचा मानला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर ठेवल्याचे सिद्ध झाले पाहिजे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पी. लक्ष्मी रेड्डी प्रकरणातील निर्णयापासून हे तत्त्व रूढ आहे. आणि येथे एक विरोधाभास उद्भवतो. थोरला जितक्या ठामपणे “वडिलांनी दिले म्हणून मी कसतो” असे सांगेल तितका त्याचा कब्जा परवानगीचा ठरतो, आणि परवानगीचा कब्जा प्रतिकूल होत नाही. प्रेमाने दिलेली जमीन मुदतीने पक्की होत नाही. बळकावलेली मात्र होऊ शकते.

सातबारा व फेरफार यांचा उपयोग मर्यादित आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ व १५० प्रमाणे हक्कातील बदलाची वर्दी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, देऊन नोंद होते. कलम १५७ प्रमाणे ती नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु फेरफाराने मालकी उत्पन्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे. नमुना बारामधील पीकपाहणी कोण कसतो एवढेच सांगते.

थोरल्यास सर्वांत आशादायक असा मार्ग वाटणीचा किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा. हिंदू कायद्यात वाटणी तोंडी होऊ शकते. १९९५ च्या दिगंबर आधार पाटील प्रकरणात त्यास नोंदणीकृत दस्ताची गरज नाही व महसुली नोंद हा त्यास पोषक पुरावा होऊ शकतो, असे म्हटले आहे. १९७६ च्या काले विरुद्ध चकबंदी उपसंचालक या निर्णयात तर कुटुंबातील शांततेसाठी सद्भावाने केलेल्या तडजोडीकडे न्यायालयांनी उदार दृष्टीने पाहावे, ती तोंडी असली तरी चालेल, आधीच झालेल्या व्यवस्थेची टिपण म्हणून केलेली नोंद नोंदणीस पात्र नाही आणि तिचा लाभ घेणाऱ्यास ती नाकारता येणार नाही, असे प्रतिपादन आहे. विबंधाचे तत्त्व भारतीय कुटुंबात या वाटेने शिरते. परंतु त्यासाठी वचन एकाचे असून चालत नाही; व्यवस्था सर्वांची असावी लागते. वडिलांच्या त्या वाक्यानंतर धाकट्याने उरलेल्या चार एकरांचे उत्पन्न घेतले, बहिणीच्या संमतीने तिला काही दिले गेले, वाटणीची वर्दी देऊन फेरफार झाला, असे असेल तर त्या वाक्याला तडजोडीचे रूप येते. अन्यथा ते एका माणसाचे बोलणेच राहते.

कोणताच मार्ग सिद्ध झाला नाही तरी वाटणीच्या दाव्यात एक गोष्ट शक्य असते. प्रत्यक्ष वाटप करताना, ज्याने जो भाग सुधारला तो शक्य तेथे त्याच्याच वाट्यास द्यावा, ही न्यायालयांची रूढ रीत आहे. सारा भरणाऱ्या जमिनीचे वाटप दिवाणी हुकूमनाम्यानंतर जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. त्या वेळी विहिरीचे स्थान, वहिवाट व खर्च यांचा पुरावा आधीच अभिलेखावर आलेला असला पाहिजे. थोरल्यास चार एकर मिळणार नाहीत. परंतु त्याचे दोन एकर विहिरीसह असू शकतात. शिवाय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे, पहिल्या वर्गातील एखादा वारस वारशाने आलेला आपला हिस्सा विकू पाहील तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. हे कलम शेतजमिनीसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बाबूराम प्रकरणात ठरविले. राबणाऱ्या वारसास जमीन हाती राखण्याचा हा राजमार्ग असून त्याचा उल्लेख खेड्यातील बैठकीत क्वचितच होतो.

७. घरजावई, दत्तक आणि विधवा सून

वचन नेहमी मुलासच दिलेले असते असे नाही. मुलगा नसलेल्या घरी जावई राहावयास येतो व सासऱ्याची शेती ओढतो. तेलुगु प्रदेशातील रेड्डी व कम्मा समाजांत ‘इल्लटम’ नावाची रूढी न्यायालयांनी मान्य केली असून तिच्याखाली अशा जावयास पुत्रवत् हिस्सा मिळतो. मराठवाड्यातील घरजावयास असे रूढीचे पाठबळ नाही. त्याचा हक्क काय तो पत्नीच्या वारसाहक्कातूनच येतो.

दत्तकाच्या बाबतीत १९५६ च्या दत्तक व निर्वाह अधिनियमाचे कलम १३ लक्षात घेण्यासारखे आहे. दत्तक घेतल्याने दत्तक मातापित्यांचा आपल्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा अधिकार जात नाही, ‘विरुद्ध करार नसेल तर’. म्हणजे दत्तक देताना “जमीन पोराच्याच नावे करू” असे जे वचन घेतले जाते ते करारात उतरले तरच त्याला या कलमाचा आधार मिळतो.

विधवा सुनेची गोष्ट याहून वेगळी आहे. “तुला व नातवाला काही तरी देईन” असे सासरा म्हणतो, तेव्हा जे वचन म्हणून दिले जात आहे ते पुष्कळदा आधीच तिचे असते. वडिलोपार्जित जमिनीत पतीचा हिस्सा त्याच्या मृत्यूबरोबर तिच्याकडे व मुलांकडे आलेला असतो. सासऱ्याच्या स्वतंत्र मालमत्तेतही पूर्वमृत मुलाची विधवा ही पहिल्या वर्गातील वारस आहे. तिला वचनाची नव्हे, वारसनोंदीची गरज असते.

८. कागद का होत नाही?

खर्च हे त्याचे मुख्य कारण म्हणता येत नाही. पतिपत्नी, मुले, नातवंडे यांना शेतजमीन बक्षीस देण्यावरील मूळ मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २०१५ पासून केवळ २०० रुपये आहे. संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारापुढे संमतीने वाटणी होऊ शकते. खरे कारण वडिलांच्या भीतीत आहे. दान एकदा झाले म्हणजे कलम १२६ प्रमाणे ते केवळ मनास आले म्हणून रद्द करता येत नाही. आणि जमीन नावावरून गेलेल्या म्हाताऱ्याला घरात किती मान उरतो, हे प्रत्येकाने आपल्या गावात पाहिलेले असते. वचन तोंडी ठेवणे हा त्याचा वार्धक्याचा विमाच होय.

या भीतीची दखल कायद्याने घेतली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमाचे कलम २३ असे की, सांभाळण्याच्या अटीवर केलेले हस्तांतर, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. अशी अट असल्याचे दाखविले पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सुदेश छिकारा प्रकरणात म्हटले; जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात या कलमाचा उदार अर्थ लावण्यावर भर दिला. याखेरीज दाता हयात असेतो उपभोगाचा हक्क स्वतःकडे राखूनही दान वैध होते, हे २०१४ च्या रेणीकुंटला राजम्मा निर्णयाने स्पष्ट केले आहे. म्हणजे म्हाताऱ्याचा आधार व मुलाची खात्री ही दोन्ही एकाच दस्तात बसू शकतात.

९. उपसंहार

एवढ्यावरून कायदा श्रमाकडे डोळेझाक करतो असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो पुरता खरा नाही. तोंडी शब्दाविषयीच्या त्याच्या संशयाची दुसरी बाजू बहिणीची आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मतः सहदायक झाली. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निर्णयाने, वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही असे ठरविले. याच निर्णयात, मुलीचा हक्क बुडविण्यासाठी पुढे केलेली तोंडी वाटणी सहजी स्वीकारू नये, सार्वजनिक दस्तऐवजांनी तिला बळकटी आलेली असावी, असे बजावले आहे. इंग्लंडमधील तत्त्व आहे तसे येथे आणले तर बांधावरच्या प्रत्येक वाक्याने मुलींचे हिस्से वाहून जाण्याचा धोका आहे. कारण वचन बहुधा मुलास दिले जाते, आणि ऐकणारे सोयरेही पुरुषच असतात. बहीण माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्र करून देते ही गोष्ट निराळी. तिच्या अपरोक्ष तिचा हिस्सा दिला जाणे ही निराळी.

म्हणून मालकी व मोबदला हे दोन प्रश्न वेगळे करणे, हा या विवेचनातून निघणारा मुख्य विचार होय. जमिनीचा हिस्सा वारसाहक्काने ठरावा. परंतु विहीर, पाइपलाइन, जमिनीचे सपाटीकरण यांत एखाद्याची उचल व वर्षे गेली असतील तर त्यांचा हिशेब हयातीतच, सर्वांच्या सहीने लिहिला जावा. हंगामाला जाणारी सून या हिशेबात स्वतंत्र व्यक्ती म्हणून धरली जावी. कारण कोयता दोघांचा असतो आणि वचन मात्र एकट्या नवऱ्यास मिळते. थोरल्याच्या दाव्यात त्याचे वीस वर्षांचे श्रम निरर्थक ठरले नाहीत. ते मोजण्याचे माप त्याच्यापाशी नव्हते. विहिरीला पाणी लागले त्या दिवशी बहीण, धाकटा व आई यांच्यासह पाचही जण एका कागदापुढे बसले असते, तर कदाचित थोरल्यास चार एकर मिळालेही नसते. परंतु किती मिळणार हे त्याला वीस वर्षे आधी कळले असते.